प्लेग, अफवा आणि सरकारी अहवाल : शंका घ्यावी ती नेमकी कशावर?

#थ्रेड #इतिहास

१. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीसाठी १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. आरंभी ज्या शहरांत तो लागू झाला, त्यांत मुंबई, नवी मुंबई, पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यासह आपले नागपूरही होते. पुढील काही आठवड्यांत आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर दोन परस्परविरोधी सूर ऐकू येऊ लागले. एक म्हणे, हे सारे जगावर ताबा मिळवू पाहणाऱ्या गुप्त शक्तींचे कारस्थान आहे. दुसरा म्हणे, अधिकृत निवेदनावर जो प्रश्न विचारतो तो अडाणी आहे.

२. हा वाद ज्या कायद्याच्या सावलीत झाला, त्या कायद्याच्या जन्मवर्षीही नेमका हाच वाद महाराष्ट्रात पेटला होता. त्या वेळी अफवा होत्या, तक्रारी होत्या, सरकारी अहवाल होते आणि सरकारच्या मनात बसलेले एक ‘कारस्थान’ही होते. यांपैकी काय खरे ठरले, काय खोटे ठरले आणि काय कायमचे अंधारात राहिले, हे पाहण्यासाठी हा थ्रेड. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.

३. सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांना एका रुग्णाच्या लक्षणांवरून ग्रंथिक ज्वराची, म्हणजे प्लेगची, खात्री पटली. मुंबई हे साम्राज्याचे मोठे बंदर होते. येथे प्लेग आहे असे जाहीर होणे म्हणजे युरोपातील बंदरांनी मुंबईच्या जहाजांना अटकाव करणे. त्यामुळे निदान मान्य करताना अधिकारी प्रारंभी चाचरत होते. कलकत्त्याहून बोलावलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ऑक्टोबरमध्ये या निदानाला दुजोरा दिला. साथीचा इतिहास सुरू होतो तो असा : एका वैद्याचे निरीक्षण आणि व्यवस्थेची नाखुशी.

४. निदान मान्य होताच सरकारचा पवित्रा बदलला. रुग्णाला सक्तीने रुग्णालयात नेणे, कुटुंबाला विलगीकरणाच्या छावणीत ठेवणे, घरे धुऊन काढणे, सामान जाळणे हे उपाय सुरू झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा संमत झाला. कायदा अगदी लहान, अवघ्या चार कलमांचा. त्याचे चौथे कलम ध्यानात ठेवावे : या कायद्यानुसार सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा चालणार नाही. अधिकार व्यापक आणि जबाबदेही जवळजवळ शून्य. पुढील घडामोडींचे मूळ या जोडीत आहे.

५. प्रथम अफवांकडे वळू. मुंबईत बोलले जाऊ लागले की रुग्णालयात नेलेल्या माणसांना मारून त्यांच्या देहांतून ‘मोमियाई’ काढली जाते. मोमियाई म्हणजे मानवी शरीरातून काढलेले औषधी तेल, अशी जुनी समजूत. हाफकिन यांची लस आली तेव्हा ती टोचल्याने माणूस मरतो वा नपुंसक होतो, अशी कुजबुज पसरली. त्याच सुमारास व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, असेही लोक म्हणू लागले.

६. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. शहरातून लाखो माणसे गावांकडे पळाली. ‘अडाणी लोक आणि त्यांच्या अंधश्रद्धा’ हे सरकारी दप्तरातील त्यावरचे ठराविक स्पष्टीकरण. मोमियाई काढली जात नव्हती आणि राणीने काळजेही मागवली नव्हती, हे निःसंशय. तरीही अफवा खोटी होती एवढे म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाचे काम संपत नाही.

७. कारण अफवेतही काही माहिती दडलेली असते. रुग्णालयात गेलेले बहुसंख्य लोक परत येत नव्हते, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. त्यांना नेले जाई ते बळाने. आत काय चालते हे कोणी सांगत नसे. मृतदेहाची तपासणी आणि जात-धर्माचे संस्कार याविषयी कोणी त्यांचे मत विचारत नसे. बंद दाराआड काय घडते हे कळेनासे झाले की मन ती पोकळी आपल्या ओळखीच्या भयाने भरून काढते. मोमियाईची कथा वैद्यकाविषयी काहीही सांगत नाही; सत्ता आणि प्रजा यांच्यामधील अविश्वासाविषयी मात्र पुष्कळ सांगते.

८. आता पुण्याकडे. १८९७ च्या प्रारंभी साथ पुण्यात पसरली. १० मार्च रोजी रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले याच रोगाने गेल्या. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी सैनिक उतरवले. आठशेहून अधिक अधिकारी आणि सैनिक या कामी होते, त्यांत गोऱ्या सैनिकांचा भरणा मोठा. सोवळ्यातील देवघरे, स्वयंपाकघरे, माजघरे यांत बुटांसह शिरकाव होऊ लागला. मेपर्यंत हे चालले.

९. येथून अफवेहून निराळी गोष्ट सुरू होते : तक्रार. स्त्रियांना चारचौघांत उघड्यावर तपासले, अंगाला हात घातला, चीजवस्तू लांबवल्या, नीट नसलेल्या माणसांना छावणीत डांबले, अशा तक्रारी वृत्तपत्रांत येऊ लागल्या. पुण्याच्या प्लेग-रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी पंडिता रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिले. या तक्रारी करणारे रोगाची भीती वा वैद्यकाचे महत्त्व नाकारत नव्हते. टिळकांनी स्वतः हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला होता, आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर टीकाही केली होती.

१०. मोमियाईची अफवा आणि झडतीची तक्रार यांत भेद कोणता? पहिलीत ना साक्षीदार, ना ठिकाण, ना व्यक्ती; आणि ती खरी असती तर शेकडो वैद्य, परिचर, कंपाउंडर यांना ती ठाऊक असावी लागली असती, ज्यांत अनेक येथलेच होते. दुसरीत पेठ होती, दिवस होता, प्रसंग होता आणि ती करणारी माणसे नावानिशी लिहिणारी होती. तपासता येण्याजोगे विधान आणि तपासताच न येणारे विधान, हा तो भेद.

११. सरकारी पक्षाने मात्र दोहोंना एकाच टोपलीत टाकले. प्लेग समितीच्या अहवालातील निष्कर्षाचा आशय असा की, कोणा स्त्रीची जाणूनबुजून विटंबना झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार समितीकडे वा सैनिकांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आली नाही. रमाबाईंचे म्हणणे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी फेटाळून लावले. आता अहवालातील त्या विधानाची रचना पुन्हा पाहावी. ‘असे घडले नाही’ असे ते म्हणत नाही. ‘आमच्याकडे विश्वसनीय तक्रार आली नाही’ असे म्हणते.

१२. या दोन वाक्यांमध्ये एक आख्खे जग सामावले आहे. तक्रार करायची कोणाकडे? ज्यांच्या सैनिकांविरुद्ध ती आहे त्यांच्याकडे. करायची कोणी? १८९७ च्या पुण्यातील एखाद्या घरातील स्त्रीने, जिला ‘माझ्या अंगाला परपुरुषाने हात लावला’ हे उच्चारताच सासर-माहेर दोन्ही गमवावे लागले असते. ती विश्वसनीय आहे हे ठरवायचे कोणी? पुन्हा त्याच समितीने. दार बंद ठेवायचे आणि मग ‘कोणी आत आले नाही’ अशी नोंद करायची, असा हा प्रकार.

१३. याची किंमत एका माणसाने फार जाहीरपणे मोजली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांच्या आधारे त्यांनी जुलै १८९७ च्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून गंभीर आरोप केला : सैनिकांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने नंतर आत्महत्या केली. ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. सरकारने आरोप नाकारला आणि पुरावा मागितला.

१४. गोखले परतले तेव्हा परिस्थिती पालटली होती. पुण्यात खून झाले होते, धरपकड सुरू होती. ज्यांनी पत्रे लिहिली, ते आपले नाव पुढे येऊ देण्यास तयार नव्हते. आणि गोखल्यांनीही त्यांची नावे उघड केली नाहीत. पुरावा देता येत नाही म्हणताच त्यांनी ऑगस्टच्या आरंभी जाहीर, बिनशर्त माफी मागितली : गव्हर्नरांची, समितीची आणि सैनिकांचीही. त्या वर्षअखेरीचे काँग्रेस अधिवेशन आपल्या विदर्भात, अमरावतीत भरले, तेव्हा अनेकांच्या मनात या माफीचा सल ताजा होता.

१५. माफीमुळे आरोप खोटा ठरला काय? इंग्रजी वृत्तपत्रांनी तसे धरले. खरा ठरला काय? पुढे अनेक राष्ट्रवादी लेखकांनी तसे गृहीत धरले. काटेकोरपणे पाहिले तर दोन्ही नाही. हा आरोप सिद्ध झाला नाही, आणि तो सिद्ध होऊ शकेल अशी व्यवस्थाही नव्हती. ‘असिद्ध’ आणि ‘असत्य’ हे शब्द समानार्थी नाहीत. तसेच ‘असिद्ध’ आणि ‘दडपलेले सत्य’ हेही समानार्थी नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या अस्वस्थ जागी उभे राहता आले पाहिजे.

१६. आता नाण्याची दुसरी बाजू. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलै रोजी मरण पावले. मारेकरी सापडेनात. मग प्रजेच्या अफवांना हसणाऱ्या राज्यकर्त्या वर्गाने स्वतःची एक कारस्थान-कथा रचली : पुण्याच्या ब्राह्मणांनी साम्राज्य उलथवण्यासाठी रचलेला, पेशवाईच्या आठवणींवर पोसलेला एक खोलवरचा कट.

१७. या कथेवर कृती झाली, हे महत्त्वाचे. २७ जुलै रोजी टिळकांना अटक झाली. खटला खुनाचा नव्हता, ‘केसरी’तील मजकुरावरून राजद्रोहाचा होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष म्हटले. शिक्षा अठरा महिन्यांची. बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या बंधूंना तर १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली विनाखटला स्थानबद्ध केले गेले. सुमारे दोन वर्षे ते बंदिवासात होते. त्यांच्यावरील आरोप न्यायालयात कधीच मांडला गेला नाही.

१८. प्रत्यक्षात कट होता काय? होता, पण सरकारने कल्पिला होता त्याहून फार लहान. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू आणि त्यांचे मोजके सोबती, एवढाच त्याचा व्याप न्यायालयांत दिसून आला. ऑक्टोबरमध्ये दामोदर सापडले. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना येरवड्यात फाशी झाली. खबर देणाऱ्या द्रविड बंधूंची फेब्रुवारी १८९९ मध्ये हत्या झाली आणि त्या मेमध्ये वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण हेही फासावर गेले. तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे श्रेय दामोदर यांनी स्वतःकडे घेतले आहे. काळजांच्या अफवेचा धागा असा एका खऱ्या घटनेपाशी जाऊन टेकतो.

१९. सरकारची ती कथा तेवढ्यावर विरली नाही. १९१८ मध्ये रौलट समितीने क्रांतिकारी कटांचा अहवाल सादर केला, तेव्हा त्याचा आरंभ पुण्याच्या याच प्रकरणापासून झाला, आणि एका विशिष्ट ब्राह्मण समाजाच्या परंपरागत असंतोषाशी त्याचा संबंध जोडला गेला. त्या अहवालातून १९१९ चा रौलट कायदा आला. प्रजेच्या अफवेने एका रुग्णालयाच्या खिडक्या फुटल्या. राज्यकर्त्यांच्या अर्ध्या खऱ्या कारस्थान-कथेने देशभर विनाखटला कैदेची तरतूद झाली. ‘कारस्थानांवर विश्वास ठेवणे’ हे केवळ अशिक्षितांचे लक्षण मानणाऱ्यांनी या तुलनेचा विचार करावा.

२०. आता विज्ञान. येथे तरी अधिकृत मत निर्दोष होते काय? घाण, दूषित जमीन आणि माणसामाणसांतील संसर्ग यांतून प्लेग पसरतो, या समजावर झडत्या आणि धुलाई आधारलेली होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवले की उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग वाहून नेतात. भारत सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने ही उपपत्ती विचारात घेण्याजोगीही मानली नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरात गिनी पिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमा होतात हे दाखवले, आणि १९०५ नंतरच्या नव्या आयोगाच्या प्रयोगांनी सिमों यांची बाजू पक्की झाली.

२१. म्हणजे माजघरे धुऊन काढणारी ती मोहीम बऱ्याच अंशी चुकीच्या शत्रूशी लढत होती. उलट, उंदीर मरू लागले की घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहायचे, हा खेड्यांतील लोकांचा उपाय पिसवांपासून दूर नेणारा असल्यामुळे अधिक शहाणपणाचा होता. पुढे सरकारनेही स्थलांतराला प्रोत्साहन दिले. तथापि एक गोष्ट विसरू नये. सिमों यांनी सरकारी मत खोडले ते ‘सरकार खोटे बोलते’ असे म्हणून नव्हे. पिसवा, उंदीर आणि प्रयोग यांच्या बळावर.

२२. आणखी एक प्रकरण, कदाचित सर्वांत बोधप्रद. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना हाफकिन यांची लस टोचली गेली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. हे सर्व जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. चौकशी आयोग बसला. दोष परळच्या प्रयोगशाळेतील निर्जंतुकीकरणावर, पर्यायाने हाफकिन यांच्यावर, ठेवला गेला. ज्या माणसाने १० जानेवारी १८९७ रोजी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, त्याला पदावरून दूर व्हावे लागले.

२३. परंतु कागदपत्रे बारकाईने वाचणाऱ्यांना काही गोष्टी जुळेनात. धनुर्वाताचे जंतू प्रयोगशाळेतच शिरले असते, तर इतक्या दिवसांनी बाटली उघडताना दुर्गंध यायला हवा होता. तो आल्याची नोंद नव्हती. उलट, बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी साक्ष होती. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांना दोषमुक्त करावे अशी मागणी केली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. तीच आजची हाफकिन संस्था.

२४. मलकोवालच्या बातमीने दोन्ही बाजूंची सोय झाली होती. ‘लसीने माणूस मरतो’ म्हणणाऱ्यांना १९ मृत्यूंचा दाखला मिळाला. सरकारला एक बळीचा बकरा मिळाला. सत्य मात्र एका चिमट्यापाशी होते, आणि ते शोधण्यासाठी पाच वर्षे साक्षींची छाननी करावी लागली. लस सदोष नव्हती. लस देण्याची पद्धत त्या दिवशी, त्या गावी चुकली. इतके साधे, इतके भयंकर. कारस्थान मानणाऱ्याला आणि अहवाल मानणाऱ्याला, दोघांनाही हे उत्तर अपुरे वाटते, कारण त्यात खलनायक नाही.

२५. याचा अर्थ गुप्त कट घडतच नाहीत, असा मुळीच नव्हे. आपल्या नागपुरातच जून १८५७ मध्ये घोडदळातील शिपाई आणि शहरातील काही मंडळी यांनी सीताबर्डीच्या इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठावाचा बेत आखला होता. तो आधीच फुटला आणि त्यातील माणसे फासावर गेली. सरकारेही कट करतात. अमेरिकेत १९३२ पासून चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने टस्कीगी येथे उपदंशाने आजारी असलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा रोगही सांगितला नाही आणि परिणामकारक औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. १९७२ मध्ये वृत्तसंस्थेच्या बातमीने हे उघड झाले.

२६. मात्र टस्कीगीची लोकप्रिय आवृत्ती काय सांगते? सरकारने निरोगी माणसांना रोगाची सुई टोचली. हे खरे नाही. खरे अपकृत्य याहून निराळे आणि तितकेच घृणास्पद होते : उपचार न देता मरू देणे, आणि त्याच्या व्यवस्थित नोंदी ठेवणे. प्रत्यक्षात घडलेली कारस्थाने बहुधा अशीच असतात. त्यांना कार्यालय असते, अंदाजपत्रक असते, सह्या असतात आणि शेवटी आतला एखादा माणूस असतो, ज्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होते. कागदाचा मागमूसही नसलेले, हजारोंना ठाऊक असूनही एकानेही न फोडलेले कारस्थान मोमियाईच्या अधिक जवळचे असते.

२७. आता हा सगळा पट एकत्र ठेवू.
मोमियाईची अफवा : खोटी, पण तिच्यामागील भय खरे.
झडतीतील अत्याचारांच्या तक्रारी : तपासता येण्याजोग्या, आणि नीट तपासल्या न गेलेल्या.
गोखल्यांचा आरोप : असिद्ध, आणि कदाचित कायमचा असिद्ध.
सरकारचा ‘पुण्याचा महाकट’ : मूठभरांचे सत्य, फुगवून धोरण केलेले.
पिसवांविषयीचे सरकारी मत : चुकीचे, प्रयोगाने सुधारलेले.
मलकोवालचा ठपका : चुकीचा, साक्षीपुराव्याच्या फेरवाचनाने सुधारलेला.

२८. या यादीत ‘अधिकृत’ बाजू अनेकदा चुकलेली दिसते. पण सरकार पिसवांबाबत चुकले म्हणून मोमियाई खरी ठरत नाही. हाच तो उतार, ज्यावरून आजचे अनेक हुशार तरुण घसरतात : ‘त्यांनी तेव्हा लपवले, म्हणजे आताही लपवत आहेत, म्हणजे मला पाठवलेला हा व्हिडिओ खरा.’ पहिल्या पायरीवर पुरावा असतो, दुसरीवर शक्यता असते, तिसरीवर काहीच नसते. उलट दिशेचा उतारही तितकाच निसरडा : ‘मोमियाई खोटी होती, म्हणजे त्या बायकांच्या तक्रारीही खोट्या.’ १८९७ च्या सरकारने हीच उडी मारली.

२९. म्हणून एखादा दावा समोर आला, मग तो फॉरवर्डमधला असो वा राजपत्रातला, चार प्रश्न विचारावेत. नेमके विधान काय आहे? ते खरे असते तर कोणकोणते ठसे मागे उरले असते, आणि ते आहेत काय? ते तपासणाऱ्याचे हितसंबंध त्यात गुंतले आहेत काय, आणि साक्षीदाराला बोलण्याची मुभा होती काय? आणि शेवटचा, सर्वांत अवघड : कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलेन? चौथ्याचे उत्तर ‘कोणताच नाही’ असे असेल, तर आपल्या हाती असते ती श्रद्धा, संशोधन नव्हे. मग ती सरकारवर असो वा कारस्थानावर.

३०. ‘अफवा’ आणि ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ हे शब्दही सावधपणे वापरावेत. ते कधी योग्य वर्णन असतात, तर कधी नुसता शिक्का. शिक्का मारला की तपास करावा लागत नाही. १८९७ मध्ये पुण्यातील स्त्रियांच्या वाट्याला तपास आलाच नाही. शिक्का तेवढा आला. त्यांच्यापैकी एकीचेही म्हणणे तिच्या स्वतःच्या शब्दांत समितीच्या निष्कर्षात उतरले नाही. कोणती तक्रार खरी होती हे आज ठरवणे अवघड आहे. त्या कोणालाच विचारले गेले नाही, एवढे मात्र त्या सरकारी वाक्याच्या रचनेवरूनच कळते.

३१. साथरोग कायद्यातील ते चौथे कलम पुढेही कायम राहिले. २०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली ती मुख्यतः आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी, आणि ती आवश्यकच होती. पण तक्रार कोणाकडे करायची आणि ती ऐकणारा निःपक्षपाती कोण, हा १८९७ चा प्रश्न कोणत्याही साथीत, कोणत्याही सरकारला विचारण्याजोगा आहे. तो विचारणारा माणूस कारस्थानवादी नसतो. तो नागरिक असतो.

(थ्रेड समाप्त. आपल्या घरात, गावात प्लेगच्या काळातील आठवणी सांगितल्या जात असतील, ‘गाव उठवून माळावर राहिलो’ अशा स्वरूपाच्या, तर खाली अवश्य लिहा. कोणी सांगितले, कोणत्या गावचे आणि साधारण कोणत्या वर्षीचे, तेही जोडा. म्हणजे ती आठवण नुसती ऐकीव गोष्ट न राहता पुढच्या अभ्यासकाला तपासता येईल.)